मदत हवी आहे : पावसातलं रात्रीचं शंटिंग

नमस्कार मंडळी. कळंबोलीला राहतो, तीन महिन्यांपासून एका मालगाडी यार्डात पॉइंट्समन आहे, म्हणजे शंटिंग करतो : इंजिनाला इशारे देत वॅगन (मालडबे) हलवायच्या, जोडायच्या-सोडायच्या. पहिलाच पावसाळा. काम अंगवळणी पडलंय. अँगल कॉक (ब्रेकच्या हवेच्या नळीच्या तोट्या) बंद करायचे, होज पाइप (दोन वॅगनमधली ती नळी) सोडवायचा, वॅगनच्या कडेचा दांडा फिरवला की कपलर (वॅगन एकमेकींना जोडणारा आकडा) मोकळा. उभ्या ठेवायच्या वॅगनचे हँडब्रेक आवळून चाकाखाली गुटके.

घोडं अडलंय ते हातमोज्यांवर. भिजले की दांडा निसटतो, काढले तर तळहात सोलवटतात. काल तर रक्त आलं.

दुसरं, चष्मा. रेनकोटची टोपी ओढली की काचांवर वाफ धरते. दिवसा झेंडा हातात नसला तरी दोन्ही हात वर करून इंजिन थांबवता येतं, रात्री सगळी भिस्त बत्तीवर. माझा सिग्नल दिसेनासा झाला तर ड्रायव्हरने थांबायचं हा नियम, पण समोरची वॅगन किती लांब आहे ते मलाच दिसायला हवं ना! आई म्हणाली काचेला साबण चोळ. चोळला. पावसात फेस आला.

रेल्वेतल्या, गोदीतल्या जुन्या लोकांनो, हातमोजे कुठले वापरता? ठाणे-पनवेलकडे कुठे मिळतील? आणि चष्मेवाले रात्री काय करता?