जुनाट कंबरदुखी: यंत्रांचा शेक की व्यायाम?

मूळ मत
तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या कंबरदुखीवर फिजिओथेरपी सुरू आहे, असे आपल्याकडे कोणी सांगितले की त्याचा अर्थ बहुधा पालथे पडून घेतलेला आयएफटीचा (दुखऱ्या भागाला सौम्य वीजप्रवाह देणाऱ्या यंत्राचा) करंट, अल्ट्रासाऊंड (ध्वनिलहरींचा शेक), ट्रॅक्शन (कंबर यंत्राने ताणणे) आणि वर कमरेचा पट्टा एवढाच असतो. दहा बैठकांचे पैसे भरायचे, चार दिवस हलके वाटायचे आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या! विशिष्ट कारण न सापडणाऱ्या जुनाट कंबरदुखीसाठी ट्रॅक्शन, अल्ट्रासाऊंड आणि पट्टे नेहमीच्या उपचारांत नकोत, असे जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये सुचवले आणि आखीव व्यायामाच्या बाजूने कौल दिला. तरीही बिल यंत्रांचेच होते, याला माझा विरोध आहे.

प्रतिसाद १ (फिजिओथेरपिस्ट)
आपला दाखला मान्य, निष्कर्ष अमान्य. वर्षभर वाकायला घाबरलेल्या रुग्णाला पहिल्याच दिवशी नुसता व्यायाम सांगितला, तर तो पुन्हा फिरकत नाही. शेकाने अंग जरा सैलावले की मी उताणे झोपवून, गुडघे दुमडून कंबर उचलण्याच्या पाच आवृत्त्या करून घेते; शेक हे निमित्त असते. यंत्रे सरसकट मोडीत काढणाऱ्यांनी रुग्ण टिकवून दाखवावेत.

प्रतिसाद २
हे निमित्त किती दिवस चालवायचे? आमच्या वडिलांना महिनाभर शेकच मिळाला आणि शेवटच्या दिवशी व्यायामाच्या नावाने एक झेरॉक्स हाती आला, ज्यावरची चित्रेही धड दिसत नव्हती. शिवाय त्यांची भीती एमआरआयमध्ये दिसलेल्या, मणक्यांमधल्या ‘झिजलेल्या चकती’मुळे होती. कंबर न दुखणाऱ्यांच्या तपासण्यांचा २०१५ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात चकतीची झीज विशीतल्या ३७ टक्के, तर ऐंशीच्या वयातल्या ९६ टक्के लोकांत आढळली. एवढे कोणी समजावले असते, तर ते पहिल्याच आठवड्यात चालू लागले असते.

प्रतिसाद ३
व्यायामाचीही आंधळी भलामण नको. माझे काम दुचाकीवरून फिरतीचे आहे आणि ठरवून दिलेल्या व्यायामाने दुखणे उलट बळावले.

प्रतिसाद १ (फिजिओथेरपिस्ट)
दुखणे वाढून दुसऱ्या दिवशीपर्यंत ओसरत असेल, तर चालते. ओसरत नसेल, तर आवृत्त्या घटवाव्यात, व्यायाम सोडू नये. पायातली ताकद कमी होत असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

मूळ मत मांडणारा
शेक हवा असेल, तर घरची गरम पाण्याची पिशवी आहेच. प्रत्येक बैठकीत किती मिनिटे व्यायाम करून घेणार, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी मिळावे, एवढीच माझी मागणी आहे.

प्रतिसाद १ (फिजिओथेरपिस्ट)
लेखी अवश्य देईन. घरी व्यायाम केल्याची नोंद रुग्णानेही लेखीच आणावी.