परभणीच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत परसातील चार फळझाडे : लागवड आणि पाण्याच्या ताणाविषयी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

परभणीत आमच्या घरामागे सुमारे ३० फूट रुंद आणि ४५ फूट लांब मोकळी जागा आहे. येत्या पावसाळ्यात तिथे केसर आंबा, सरदार पेरू, कागदी लिंबू आणि सीताफळ अशी चारच झाडे लावायचे घरात ठरले आहे. डाळिंब तेल्या रोगाच्या धास्तीने वगळले आणि चिकूचा पसारा एवढ्या जागेला झेपणार नाही म्हणून तोही सोडला. दोन झाडांमध्ये किमान १५ फूट अंतर राहील, अशी आखणी केली आहे. परसात दाटीने आठ-दहा झाडे कोंबण्यापेक्षा चार झाडांना मोकळे ऊन आणि वारा मिळणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

अडचण जमिनीची आहे. वरचे तीन-साडेतीन फूट काळी, चिकण माती आहे आणि तिच्याखाली पांढरट चुनखडीचा थर लागतो. तपासणीत सामू (पीएच) ८.३ आला आणि मुक्त चुन्याचे प्रमाण १२ टक्के निघाले. लिंबूवर्गीय झाडांसाठी ते १० टक्क्यांच्या आत असावे, अशी शिफारस सर्वत्र वाचायला मिळते. निचरा पाहण्यासाठी एक फूट खोल खड्डा खणून पाण्याने भरला, तर दुसऱ्या दिवशी सकाळीही त्यात पाणी होते.

म्हणून पहिला प्रश्न खड्ड्याचा. फळझाडांसाठी मे महिन्यात तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन तो उन्हात तापू द्यावा, मग पोयटा माती, शेणखत, सिंगल सुपर फॉस्फेट आणि निंबोळी पेंड घालून भरावा, ही पद्धत सर्वांना ठाऊक आहे आणि हलक्या जमिनीत ती उत्तमच आहे. परंतु अशा चिकण जमिनीत भुसभुशीत भरलेला खड्डा पावसाळ्यात भोवतालचे पाणी स्वतःकडे ओढून हौदासारखा भरून राहील आणि त्यात मुळे गुदमरतील, अशी मला भीती वाटते. त्याऐवजी खड्डा फूटभरच घेऊन त्यावर दीड ते दोन फूट उंच आणि सहा फूट रुंद मातीचा उंचवटा करावा व कलम त्यावर लावावे, असा विचार आहे. काळ्या जमिनीत असे कोणी केले असल्यास उन्हाळ्यात तो उंचवटा फार लवकर वाळतो का, आणि भेगा पडून बारीक मुळे तुटू नयेत म्हणून किती जाड आच्छादन ठेवावे लागते, हे कृपया सांगावे. मातीत मुरूम मिसळण्याचा सल्लाही मिळाला आहे. मात्र आमच्याकडे मिळणारा मुरूम बहुधा पांढरट असतो, आणि तसा घातला तर चुना कमी होण्याऐवजी वाढेलच.

दुसरा प्रश्न लिंबाचा. चुनखडीच्या जमिनीत झाडाला लोह मिळत नाही, कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. चिकण मातीत पाणी तुंबले की डिंक्याचा (खोडातून डिंक गळण्याच्या रोगाचा) धोकाही असतो. आपल्याकडे कागदी लिंबाची लागवड बहुतेक बियांच्या रोपांपासूनच होते, पण रंगपूर लिंबाच्या खुंटावर (मुळांकडच्या रोपावर) डोळा भरलेले कलम चुना अधिक सहन करते असे वाचले आहे. घरच्या एका झाडासाठी ते मुद्दाम शोधून आणण्याइतका फरक प्रत्यक्षात दिसतो का?

तिसरा प्रश्न पाण्याच्या ताणाचा, आणि मला सर्वांत गुंतागुंतीचा तोच वाटतो. आंब्याला मोहर यावा म्हणून पावसाळा संपल्यापासून पाणी तोडायचे आणि फळे वाटाण्याएवढी झाल्यावर पुन्हा सुरू करायचे असते. पेरूचा मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीला येणारी फुले) धरायचा तर त्याला एप्रिल-मे महिन्यांत ताण हवा, आणि नेमके तेव्हा आंब्याची फळे पोसत असतात. उलट आंबा विश्रांतीत असतो तेव्हा मृग बहाराचा पेरू फळांनी भरलेला असतो. सीताफळ उन्हाळ्यात पाने गाळून झोपते, म्हणून ते पेरूबरोबर पाण्याच्या नळीच्या एकाच झडपेवर ठेवता येईल. लिंबू मात्र आंब्याबरोबर ठेवले तर हिवाळ्यात उपाशी राहील, पेरूबरोबर ठेवले तर उन्हाळ्यात. म्हणजे त्याची नळी स्वतंत्रच हवी. पहिली तीन-चार वर्षे लहान झाडांना ताण द्यायचाच नसतो हे मान्य, पण नळ्या आताच पुरायच्या असल्याने हा निर्णय पुढे ढकलता येत नाही. माझी खरी शंका अशी आहे की, काळी माती ओल इतकी धरून ठेवते आणि मोठ्या झाडांची मुळे इतकी पसरतात, की १५ फुटांवर शेजारच्या झाडाला दिलेले पाणी आंब्याचा ताण मोडणार तर नाही ना? तीन झडपा बसवूनही उपयोग होणार नसेल, तर पेरूचा बहार धरण्याचा आग्रह सोडून आंब्याला प्राधान्य देईन.

केसर दहा-बारा फुटांच्या वर जाऊ द्यायचा नाही. कलम दोन-अडीच फुटांवर शेंडा खुडून तीन-चार फांद्यांवर वाढवायचे आणि पुढे दरवर्षी फळे उतरताच छाटणी करायची, म्हणजे नवी फूट मोहराआधी पक्व होईल, असे समजले आहे. मराठवाड्यात पाऊस लांबला तर ही छाटणी कधीपर्यंत करता येते, याचा अनुभव हवा आहे. दशेहरी आणि नीलम यांच्या संकरातून आलेली आम्रपाली मुळातच ठेंगणी राहते आणि दरवर्षी फळते, म्हणून तिचाही विचार केला होता. पण आईला केसरच हवा आहे, आणि झाडाखाली रोज बसणार तीच असल्याने तिच्या शब्दाला मी मान दिला आहे.

कलमे कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून घेणार आहे. खड्डे मेच्या पहिल्या आठवड्यात घ्यायचे असल्याने उंचवट्याविषयीचे उत्तर त्याआधी मिळाले तर फार मदत होईल. बाकीची उत्तरे सवडीने दिली तरी चालतील. उत्तर देताना आपली जमीन काळी आहे की मुरमाड, आणि पाणी विहिरीचे आहे की बोअरचे, हे कृपया जरूर लिहावे. आमचे पाणी बोअरचे असून ते जड आहे.