क्लिअर, प्लेन, ल्युसिड, एक्स्प्लिसिट: सगळ्यांना ‘स्पष्ट’च म्हणायचं का?

शब्दवेध (मुलुंड)
वैयक्तिक डेटाच्या २०२३ च्या कायद्यात सहावं कलम संमतीचं आहे. संमती ‘अनअँबिग्युअस’ हवी आणि ती ‘क्लिअर अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन’ने दिलेली हवी, असं ते म्हणतं. पुढे संमतीची विनंती ‘क्लिअर अँड प्लेन’ भाषेत करा, असंही सांगतं. मराठी मसुद्यात या सगळ्याला ‘स्पष्ट’ लावून मोकळं होणं फार सोपं आहे आणि माझा विरोध त्यालाच आहे. हे शब्द वेगवेगळे दोष टाळायला योजलेले आहेत.

रेल्वेच्या ब्लॉकची सूचना घ्या: ‘शनिवारी मध्यरात्री १२.३० पासून’. अक्षर सुवाच्य, शब्द रोजचे, म्हणजे वाक्य प्लेन आहे. पण शुक्रवार संपल्यावरची रात्र की शनिवार संपल्यावरची? दोन अर्थ निघतात, म्हणून ते अनअँबिग्युअस नाही. ‘रविवारी ००.३० पासून (शनिवारची रात्र)’ लिहिलं की दोष जातो. उलट ‘प्रस्तुत अधिनियमाच्या प्रारंभापासून साठ दिवसांच्या आत’ यात तारखेबद्दल काही शंका नाही, पण ते प्लेन नाही. दोन्हींना ‘स्पष्ट’ म्हटलं तर काय दुरुस्त करायचं, हेच कळणार नाही.

माझी विभागणी: अनअँबिग्युअस = निःसंदिग्ध, क्लिअर कृती = उघड कृती, प्लेन = साधी भाषा.

परळकर
साफ असहमत. ‘निःसंदिग्ध’ हा शब्द स्वतःच साध्या भाषेच्या अटीत बसत नाही! ज्या फॉर्मवर कायदा साधी भाषा मागतो, त्याच फॉर्मवर तुम्ही विसर्ग असलेला चार अक्षरी शब्द घालताय. कर्जाच्या अर्जावर अंगठ्याने ‘सहमत’ दाबणाऱ्याला ‘स्पष्ट संमती’ कळते. बारकावे वकिलाने सांभाळावेत.

आणि ‘उघड’ला मराठीत वास आहे. उघड खोटं, उघड गुन्हा, उघडं पाडणं. ‘उघड होकार’ वाचून माणूस दचकेल.

फोर्ट_मसुदा
परळकर, कायद्याचं भाषांतर आणि फॉर्मचं भाषांतर यांची गल्लत होतेय. कायद्यात नियम असा की एका संज्ञेला एकच शब्द. तो उलट बाजूनेही लागतो: मूळ दोन संज्ञा असतील तर मराठीत एकच शब्द चालत नाही, नाहीतर वाचणारा विचारेल की दुसऱ्यांदा का सांगितलं. तिथे ‘निःसंदिग्ध’ हवाच. फॉर्मवर मात्र संज्ञा नकोच, कृती सांगा: ‘मान्य असल्यास रिकाम्या चौकोनात स्वतः खूण करा’. आधीच खूण केलेला चौकोन ही क्लिअर अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन नव्हे, कारण माणसाने काही केलेलंच नसतं. ‘उघड’बद्दल तुमचं बरोबर. मी ‘होकार दाखवणारी ठळक कृती’ लिहीन.

एक्स्प्लिसिट मात्र या रांगेत बसवू नका. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ घडी उलगडलेलं, इंप्लिसिट म्हणजे घडीत राहिलेलं. काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसून ‘सीएसएमटी’ म्हटलं की मीटरप्रमाणे पैसे देण्याचं वचन झालं. त्यात शंका नाही, पण ते शब्दांत आलेलं नाही. १८७२ च्या करार कायद्याचं नववं कलम हाच फरक करतं: शब्दांत दिलेलं वचन ‘एक्स्प्रेस’, बाकीचं ‘इंप्लाइड’. मराठीत ‘व्यक्त’ आणि ‘गर्भित’ ही जोडी चोख आहे. युरोपच्या डेटा नियमांत साध्या माहितीला अनअँबिग्युअस संमती पुरते, आरोग्याच्या माहितीसाठी संमतीवर विसंबायचं तर ती एक्स्प्लिसिट लागते. दोन्हींना ‘स्पष्ट संमती’ म्हटलंत तर ही पायरीच नाहीशी होते.

भांडुप_साइट
तुमचं सगळं अर्थाच्या क्लिअरबद्दल चाललंय. आमच्याकडे बांधकामात क्लिअर म्हणजे मधे काही नसलेलं. स्लॅबमध्ये क्लिअर कव्हर म्हणजे सळईच्या बाहेरच्या कडेपासून काँक्रीटच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, इफेक्टिव्ह कव्हर म्हणजे सळईच्या मध्यापर्यंतचं. १० मिमी सळई, ३० मिमी क्लिअर, तर इफेक्टिव्ह ३५. कुणी ३० हे मध्यापर्यंतचं धरून कव्हर ब्लॉक (हे अंतर राखणारे ठोकळे) लावले तर प्रत्यक्षात २५ च राहतं आणि इथल्या खाऱ्या हवेत सळई लवकर गंजते. ‘स्पष्ट आवरण’ लिहिलेल्या कागदावरून फिटरला यातलं काय कळणार? ‘सळईच्या बाहेरून ३० मिमी’ लिहा.

परळकर
हे मान्य. पण यातून माझाच मुद्दा पुढे जातो: शब्दाला शब्द शोधू नका.

शब्दवेध (मुलुंड)
शोधायचा, पण जोडीच्या शब्दाकडे बघून. मराठी इथे मुळीच गरीब नाही. क्लिअर आकाश निरभ्र, पाणी नितळ, आवाज खणखणीत, नफा निव्वळ, रस्ता मोकळा, जमिनीचं टायटल (मालकी हक्क) निर्वेध. ‘स्पष्ट’ खरा शोभतो तो बहुमताला आणि उच्चाराला. अ‍ॅपमधल्या ‘क्लिअर ऑल’चं ‘सर्व स्पष्ट करा’ होतं ते जोडी न बघितल्यामुळेच. तिथे ‘सर्व पुसा’ हवं. विरुद्ध शब्दही लावून बघा. अँबिग्युअस म्हणजे दोन अर्थांत अडकलेलं, व्हेग म्हणजे मोघम. ‘लवकरच पाणी येईल’ हे संदिग्ध नाही, मोघम आहे. त्याला वेळ जोडावी लागते, शब्द बदलून भागत नाही.

माटुंगा_पूर्व
ल्युसिड राहिलं. ते एका शब्दाला किंवा तारखेला लागत नाही. विवेचनाला लागतं, नाहीतर बुद्धीला. म्हणून ‘ल्युसिड इंटरव्हल’ म्हणजे भ्रमातून भानावर आल्याचा काळ. ‘विशद’ घेऊ नका, मराठीत ‘विशद करणे’ म्हणजे फोड करून सांगणं, त्यात लांबण येऊ शकते. आपल्याकडे नेमका शब्द शतकानुशतकं आहे: प्रसादगुण. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने त्याला सुक्या लाकडात पसरणाऱ्या अग्नीची आणि स्वच्छ पाण्याची उपमा दिली, वाचताक्षणी अर्थ मनभर पसरतो म्हणून. ल्युसिड गद्य म्हणजे प्रासादिक गद्य. मला हा शब्द वापरात हवा आहे.

परळकर
समीक्षेत वापरा, हरकत नाही. सोसायटीच्या नोटिशीत नको.

फोर्ट_मसुदा
नोटिशीचा विषय निघालाच आहे तर: वार्षिक सभेला ‘१४ क्लिअर डेज’ची सूचना लागते, तिथे ‘१४ स्पष्ट दिवस’ अजिबात लिहू नका. ‘पूर्ण १४ दिवस’ लिहा आणि कंसात मोजणी द्या. सूचना दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडायचे. १ तारखेला सूचना दिली तर २ ते १५ हे चौदा दिवस, सभा लवकरात लवकर १६ ला. १५ ला घेतली तर एक दिवस कमी पडतो आणि ठरावावर हरकत घ्यायला जागा राहते.