सायकलचं मागचं टायर गुळगुळीत घ्या म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या वावरांमधल्या पांदणीनं येऊन दाखवावं

बोरकाठ :
परवा 'घाटचढ्या' यांनी नव्या पोरांसाठी लिहिलं, की एक्ससी (कच्च्या वाटांवरच्या सायकल) स्पर्धेत मागं नॉबवालं, म्हणजे उठावदार दातांचं टायर लावणं म्हणजे ब्रेक दाबून पायडल मारणं. डोळे मिटून गुळगुळीत टायर, थंडर बर्ट नाहीतर अ‍ॅस्पेन घ्या, २९ बाय २.२५, विषय संपला. खाली पोरांनी अंगठ्यांची रांग लावली. त्यातली दोघं माझ्या तालुक्यातली आहेत. दोघांकडे एकेकच सायकल, आणि वर्षाला एकच टायरजोडी परवडणार आहे. चांगली जोडी घेतली की एक क्विंटल कापूस गेला समजा. २०२४-२५ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, आणि तोही हातात पूर्ण पडतो असं नाही. म्हणून गप्प बसवत नाही.

मागच्या जानेवारीत मी हेच केलं होतं. मागं नवं कोरं सेमी-स्लिक, म्हणजे जवळजवळ गुळगुळीत टायर, कागदासारखं पातळ केसिंग (टायरचं आतलं कापड). पहिल्या फेरीत डांबरी तुकड्यावर सायकल खरंच पळाली, नाही म्हणत नाही. तिसऱ्या फेरीत तुरीच्या वावराच्या कडेनं वळलो. तूर विळ्यानं तिरपी कापतात, त्यामुळे जमिनीत राहिलेला खुंट तासलेल्या पेन्सिलीसारखा असतो. फस्स झालं आणि टायरमधल्या सीलंटचा (भोक बुजवणाऱ्या द्रवाचा) पांढरा फेस पोटरीवर उडाला. साइडवॉलला (टायरच्या कुशीला) दोन बोटं चीर. चिरेत रबरी प्लग घातले, सुटले. मग ट्यूब टाकली. टायरमध्ये बाभळीचा एक काटा आधीच रुतलेला होता. सीलंटनं त्याची जागा धरून ठेवली होती म्हणून मला पत्ताच नव्हता. त्याचं टोक आत आलेलं, त्यानं ट्यूबही फोडली. पुढचे साडेतीन किलोमीटर सायकल खांद्यावर. माझ्यामागून सुटलेली नववीतली पोरं पुढं गेली.

आमच्याकडे शर्यत वॅटवर (पायांच्या ताकदीवर) संपत नाही, हवेवर संपते. ज्याच्या टायरमध्ये शेवटपर्यंत हवा राहिली त्याचं टायर फास्ट. नॉबवालं मेझकाल घ्या, रेस किंगचं प्रोटेक्शन केसिंगवालं घ्या. चार वॅट गेले तर जाऊ द्या.

घाटचढ्या :
लेख माझा होता म्हणून उत्तर देतो. तुमचं टायर कुठं फाटलं? साइडवॉलला. नॉब कुठं असतात? वर, जमिनीला टेकणाऱ्या ट्रेडवर. चार मिलीमीटरचे नॉब असते तर खुंट साइडवॉलला लागला नसता का? तुम्ही पातळ केसिंगचा राग गुळगुळीत ट्रेडवर काढताय. अ‍ॅस्पेन जाड साइडवॉलमध्येही मिळतं.

दुसरं, हवा किती होती? हे तुम्ही लिहिलंच नाही.

तिसरं, बसून चालवताना साठ टक्क्यांच्या आसपास भार मागच्या चाकावर असतो. म्हणजे टायर फिरताना होणारा रोध मागंच जास्त लागतो आणि कमी करायचा तर तो तिथंच. मागचं चाक घसरलं तर कंबरेनं सावरता येतं, पुढचं घसरलं तर दात जातात. म्हणून पुढं पकड, मागं वेग. हे काही मी शोधलेलं नाही. श्वाल्बे कंपनीनं रेसिंग रे पुढच्या चाकासाठी आणि रेसिंग राल्फ मागच्यासाठी असे वेगळे टायर काढले ते याच कारणानं.

बोरकाठ :
हवा ३२ पीएसआय होती.

घाटचढ्या :
३२! तुमचं वजन सत्तर-बहात्तर असेल. ट्यूबलेसमध्ये ३२ म्हणजे दगडच. कडक टायर खुंटावर वाकत नाही, मग ते फाटतं. शिवाय मुरमावर सायकल टणाटण उडते, आणि प्रत्येक उडीत तुमचीच ताकद वाया जाते. तुम्ही २२-२३ वर असता तर वेगही वाढला असता आणि टायरही कदाचित वाचलं असतं. दोष हवेचा, बदनामी टायरची.

बोरकाठ :
साइडवॉलचा मुद्दा मान्य. हवेचाही मान्य, मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. पण मग तुमच्या लेखात केसिंगबद्दल एक ओळ का नव्हती? पोरगा दुकानात जाऊन नुसतं 'अ‍ॅस्पेन द्या' म्हणेल, दुकानदार पडून असलेलं सगळ्यात हलकं गळ्यात मारेल. रोध काय फक्त नॉबमुळे येतो का? दर फेऱ्याला टायरचं रबर आणि कापड दबतं आणि परत उठतं, त्यात ताकद उष्णता होऊन जाते. चांगल्या रबराचं, लवचिक केसिंगचं मध्यम नॉबवालं टायर हलक्या प्रतीच्या गुळगुळीत टायरपेक्षा पळतं. हे तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिलं नाही. माझा राग त्यावर आहे.

घाटचढ्या :
लेख छोटा ठेवायचा होता. बरं, तेवढी ओळ घालतो. पण मेझकाल सगळ्यांच्या गळ्यात बांधू नका. ब्रिटनच्या टॉम पिडकॉकनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये मध्येच पंक्चर होऊनही सुवर्ण घेतलं. पंक्चर होतातच, म्हणून कुणी संथ टायर लावत नाही.

पुसदची स्वार :
पिडकॉकला टेक झोनमध्ये (स्पर्धेतल्या दुरुस्तीच्या जागी) नवं चाक बसवून द्यायला माणूस उभा होता. आमच्याकडे टेक झोन म्हणजे कुणाचा तरी काका, हातात पायपंप. ती तुलना इथं करू नका.

आणि दोघंही कोरड्या जमिनीवरच भांडताय. अवकाळी झाला की काय? दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत स्पर्धेच्या आदल्या रात्री वीस मिनिटं पाऊस पडला, सकाळी काळ्या मातीचा तुकडा लागला. माझ्या पुढची मुलगी जाड नॉबवर होती, तिचं चाक शंभर मीटरमध्ये फ्रेमला घट्ट चिकटलं. मी सेमी-स्लिकवर होते, माझं फिरत होतं पण जागच्या जागी. शेवटी दोघींनी सायकली उचलल्या. ओल्या काळ्या मातीचं टायर अजून कुणी बनवलेलं नाही. तिथं काडीनं चिखल खरवडायचा आणि पळायचं.

सायकल दुरुस्ती, कारंजा :
टायर बदलून भांडता, पण सीलंट कधी बदललं ते कुणी सांगत नाही. माझ्याकडे दर जूनमध्ये तीच तक्रार, 'ट्यूबलेस बेकार आहे'. टायर उघडलं की आत एक थेंब ओला नसतो, नुसता वाळलेल्या सायीसारखा रबराचा पापुद्रा. मार्चमध्ये टाकलेलं असतं, सायकल पत्र्याच्या शेडमध्ये उभी, बाहेर ४५. अशा उन्हाळ्यात दीड-दोन महिन्यांत खेळ संपतो. चाक कानाशी धरून हलवा. डुबडुब वाजलं तर आहे, नाही वाजलं तर टाका. काटा दिसला आणि हवा जात नसेल तर रस्त्यात उपटू नका, घरी येऊन पाहा.

आणि खरं सांगू, तुरीच्या खुंटानं फाटलेली टायरं माझ्याकडे वर्षात दोन-तीन येतात. बाभळीची रोज येतात. लोक फांद्या छाटून सरळ पांदणीवर टाकतात. आधी त्याचं बोला.

बोरकाठ :
अगदी. धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) बाभळी छाटायच्या आणि वाटेवर पसरायच्या, ही काय पद्धत आहे? पांदण गावाची असते. गावनकाशात दाखवलेली असते. दोन बैलगाड्या जातील एवढी रुंद पांदण आज आमच्याकडे सायकलच्या हँडलएवढी उरली आहे.

रोहीराखण्या :
मी सायकलवाला नाही. पोट्टा चालवते म्हणून वाचून राह्यलो. काटे काहून टाकते ते मले इचारा ना, आपसात काहाले बोलता.

हरभरा घाट्यावर आला की रोही, म्हंजे नीलगाय, येते. एक-दोन नाही, आठ-आठ, दहा-दहा. खाते कमी, तुडवते जास्त. डुक्कर आलं तर भुईमुगाचं वावर नांगरल्यावानी करून जाते. मी डिसेंबर, जानेवारी मचाणावर झोपतो. थंडीत, टॉर्च अन् फटाके घेऊन. झटका मशीन घ्याची तर पैसा लागते, तार लागते, बॅटरी चोरीले जाते. बाभूळ धुऱ्यावर हाये, फुकट हाये. म्हणून काटे लावतो. तुमचं एक टायर फाटलं तर तुमी एवढं लिवलं. माझं दोन एकर गेलं तर मी कुठं लिवू?

बोरकाठ :
दादा, तुमचं नुकसान कुणी नाकारत नाही. पण रोही पांदणीनं येतो का? तो धुऱ्यावरून उडी मारून येतो. काटे धुऱ्यावर लावा. वाटेवर टाकून रोही अडत नाही, माणसं अडतात.

रोहीराखण्या :
रोही पांदणीनंच येते. रातीले मोकळी वाट त्याले तेच सापडते. तुमी मचाणावर बसले का कधी? नाही ना. मंग मले नका शिकवू.

घाटचढ्या :
इथं मी बोरकाठ यांच्या बाजूनं आहे, आणि हे सहज म्हणत नाही. माझ्या मामाचं वावर आहे, तिथं शेजाऱ्यानं धुरा दर वर्षी हातभर सरकवत अर्धी पांदण पोटात घातली आणि वर काटे टाकले. सगळे काटे रोह्यासाठी नसतात. काही मोजणी येऊ नये म्हणूनही असतात.

रोहीराखण्या :
तसे लोक हायेत. मी नाही. मले त्यायच्यात धरू नका.

पुसदची स्वार :
मी शाळेत शिकवते. आमच्या आठवी-नववीच्या मुलींना सरकारच्या मानव विकास योजनेच्या सायकली मिळाल्या आहेत. चार किलोमीटरवरच्या पाड्यातून दोघी येतात, अर्धी वाट पांदणीची. ट्यूब असलेलं साधं टायर, आत सीलंट नाही, प्लग नाही. मागच्या नोव्हेंबरात एकीला तीन आठवड्यांत पाच पंक्चर झाली. सराट्यानं दोन, बाभळीनं तीन. मी काढून ठेवलेत काटे, माझ्या टेबलाच्या खणात आहेत. सहाव्या वेळी बापानं सायकल घराच्या आढ्याला टांगली. ती आता आठवड्यातून तीन दिवस येते.

तुम्ही सगळे अ‍ॅस्पेन आणि मेझकाल करताय. मला त्या मुलीच्या टायरचं सांगा.

सायकल दुरुस्ती, कारंजा :
मॅडम, दोन्ही सायकली पाठवा. फाटलेल्या जुन्या टायरची कड कापून आतला पट्टा ट्यूब आणि टायरच्या मध्ये घालून देतो. जड होईल, पण सराटा पार जाणार नाही. बाभळीचा लांब काटा आडवा लागला तरच जाईल. पैसे नकोत, पट्टे माझ्याकडे पडलेलेच आहेत.

रोहीराखण्या :
मॅडम, कोनतं गाव ते सांगू नका इथं. पण काटे वाटेवर नाही पायजे, हे मले पटलं. पोरीसाठी पटलं, टायरसाठी नाही.

नवा गडी :
सगळं वाचलं. वजन ५८, बजेट एका टायरचं, पुढं जुनं बार्झो टायर आहे आणि चांगलं आहे. मागं काय घेऊ?

बोरकाठ :
मेझकाल, २.२५. हवा २० नं सुरू कर, रिम दगडावर आपटते का बघ, मग एकेक पीएसआय वाढव. माझ्यासारखं ३२ करू नको.

घाटचढ्या :
कोर्समध्ये डांबर आणि कडक मुरूम जास्त असेल तर अ‍ॅस्पेन, पण जाड साइडवॉलचंच. खोक्यावर बघून घे, दुकानदाराच्या शब्दावर नको. वावरातून, खुंटांमधून कोर्स जात असेल तर मेझकाल घे. एवढंच मान्य करतो, यापुढं एक इंच नाही. आणि कोर्स आधी पायी फिरून ये.

नवा गडी :
कोर्स पांदणीतूनच आहे. रोहीराखण्या काकांच्या वावराकडूनच जाते बहुतेक.

रोहीराखण्या :
हाव, तीच वाट. रविवारची स्पर्धा मले माहीत हाये, सरपंचानं सांगतलं. मी शनिवारी काटे उचलून धुऱ्यावर रचतो. पन मंग रातीले वाट उघडी राहीन, अन् माझा हरभरा घाट्यावर हाये. एकट्यानं दोनी बाजू नाही राखनं होत. राखाले दोन जन पाठवा, मंग उचलतो. नाहीतर काटे तिथंच राहतीन.

बोरकाठ :
मी आणि माझा भाऊ येतो. सात वाजता. टॉर्च आणतो, फटाके तुमचे.

रोहीराखण्या :
घोंगडी आना. दव लय पडते.