जहाजावर चांगला चहा मागणं म्हणजे रडणं नव्हे

आलंगवती

मागच्या आठवड्यात सह्यवारा यांनी इथे लिहिलं होतं: "समोर हिमनदी कोसळत असते आणि आपली माणसं चहा पाणचट आहे म्हणून तोंड वाकडं करून बसतात. ज्यांना टपरीवाचून करमत नाही त्यांनी क्रूझला जाऊच नये." खाली बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला हे मुळीच पटलेलं नाही.

आम्ही सासूबाईंना घेऊन सिएटलहून अलास्काला गेलो होतो. पहाटे पाचला उठायची त्यांची आयुष्यभराची सवय, आणि चहा झाल्याशिवाय रक्तदाबाची गोळी घशाखाली उतरत नाही. बफेत कॉफीच्या यंत्रालाच गरम पाण्याचा नळ. त्या पाण्याला कॉफीचा वास, आणि ऊन इतपतच, की कप तळहातांत धरून खुशाल बसावं. पिशवी कितीही बुचकळा, फिकट पिवळं पाणी. वर क्रीमची चिमुकली डबी ओतली की तवंग. त्या दोन घोट घ्यायच्या, कप बाजूला ठेवायच्या आणि "असू दे गं" म्हणायच्या. अशा माणसाला टपरीवरून हिणवायचं?

हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्नही नाही. काळ्या चहाला, म्हणजे आपल्या रोजच्या चहापुडीला, उकळतं पाणी लागतं. चहाची चव तपासण्यासाठी १९८० साली जे आंतरराष्ट्रीय मानक ठरलं (आयएसओ ३१०३), त्यातसुद्धा १०० मिलिलिटरला २ ग्रॅम चहा, ताजं उकळतं पाणी आणि ६ मिनिटं असंच सांगितलं आहे. आपली सीटीसी पूड (पानं चुरून, फाडून, वळून केलेली दाणेदार) तर १९३० च्या दशकात आसामात निघाली ती झटकन दाट रंग सोडणारी म्हणून. तिला कोमट पाण्यात घालून काय हाती लागणार?

आणि जहाजावर हे जमतच नाही असं कुणी सांगू नये. पी अँड ओ कंपनीच्या ब्रिटिश जहाजांवर केबिनमध्ये केटल असते, क्युनार्डवरही असते. क्युनार्डच्या क्वीन्स रूममध्ये दुपारी पांढरे हातमोजे घातलेले वेटर किटलीतून चहा ओततात. इंग्रज गिऱ्हाईक चहाशिवाय येणार नाही हे कंपन्यांना माहीत आहे. आपण मात्र "असू दे" म्हणतो.

सह्यवारा

माझं नाव घेतलंत म्हणून उत्तर देतो. तुमच्या सासूबाईंना मी काहीही म्हटलेलं नाही. मी लिहिलं ते ग्रुपने येऊन बफेच्या वेटरवर ओरडणाऱ्यांबद्दल, आणि त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही. तीन-चार हजार माणसांचं जहाज असतं. समुद्र खवळलेला असताना म्हाताऱ्या माणसाच्या हातात उकळत्या पाण्याचा कप द्यायचा का? शिवाय पाणी समुद्राचंच, क्षार काढलेलं, वर क्लोरीन. त्या पाण्याचा चहा घरच्यासारखा होणारच नाही. मी दार्जिलिंग फर्स्ट फ्लश (वसंतातल्या पहिल्या खुडणीचा हलका चहा) सोबत नेतो, बिनदुधाचा पितो. त्याला ८५-९० अंश पुरतात. माझी काही तक्रार नाही.

इंजिनरूम

पाण्यापुरतं बोलतो, कारण नोकरी त्यातच गेली. समुद्राचं पाणी आम्ही इव्हॅपोरेटरमध्ये इंजिनाच्या उष्णतेवर उकळवून किंवा आरओने गोडं करतो. त्यात क्षार जवळजवळ उरतच नाहीत, उलट थोडे खनिज मुद्दाम घालावे लागतात. म्हणजे पाणी हलकं असतं, आणि हलक्या पाण्यात चहाचा रंग बोअरच्या जड पाण्यापेक्षा चांगला येतो. क्लोरीनचं म्हणणं खरं आहे. अमेरिकी बंदरांत जाणाऱ्या जहाजांना नळाच्या शेवटच्या टोकालाही किमान ०.२ पीपीएम (दहा लाख भागांत ०.२ भाग) क्लोरीन राखावं लागतं. पण उघड्या भांड्यात पाणी खळखळून उकळलं की तो वास बराचसा उडतो. तेव्हा दोष समुद्राचा नाही, न उकळण्याचा आहे.

केबिनमध्ये स्वतःची केटल नेऊ देत नाहीत ते मात्र शंभर टक्के योग्य आहे. आग हा जहाजावरचा सगळ्यात मोठा शत्रू.

पेणची_सून

मी पाणी उकळायची विजेची कॉइल नेते. दरवेळी. स्टीलच्या पेल्यात पाणी, कॉइल, दोन मिनिटांत आधण, आल्याची पूड, चहापूड, टेट्रापॅकचं दूध. नवऱ्याला आणि मला झकास चहा. कुणाला त्रास नाही. पैसे भरून केबिन घेतली आहे, तिथे काय करायचं ते मी ठरवणार.

इंजिनरूम

ताई, हे वाचून अंगावर काटा आला. तुमच्या केबिनच्या वर, खाली आणि दोन्ही बाजूंना माणसं झोपलेली असतात. २००६ च्या मार्चमध्ये स्टार प्रिन्सेसवर जमैकाकडे जाताना आग लागली, बाल्कनीत पडलेल्या सिगरेटच्या थोटकापासून लागली असावी असा निष्कर्ष निघाला. एक प्रवासी गेला, केबिनच्या रांगाच्या रांगा जळल्या. समुद्रात अग्निशमन दल येत नाही. आम्हीच खलाशी होज घेऊन धुरात शिरतो.

पेणची_सून

सिगरेटची गोष्ट कॉइलला लावू नका. आणि हेअर ड्रायर कसा चालतो? तोही तापतोच की. बायकांचे केस वाळले तर चालतं, चहा उकळला तर जहाज बुडतं?

इंजिनरूम

ड्रायर हातात धरून वापरतात, खाली ठेवला की बंद करतात, आणि जास्त तापला तर आतली वीज आपोआप तुटते. बाजारातल्या साध्या कॉइलला तसं काही नसतं. पाणी आटलं, तुम्ही डेकवर व्हेल बघायला धावलात, की ती लाल होऊन पेल्यासकट टेबल पेटवेल. दुसरं, जहाजाची वीज घरासारखी नसते. बऱ्याच जहाजांवर न्यूट्रलला (विजेच्या परतीच्या तारेला) अर्थिंग नसतं, त्यामुळे एका ठिकाणी वायर बॉडीला लागली तरी फ्यूज उडत नाही. सर्ज प्रोटेक्टरवाले (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारे) एक्स्टेंशन बोर्ड जप्त करतात तेही त्यामुळेच. पी अँड ओची केटल कंपनीने तपासून, सॉकेट बघून ठेवलेली असते. तुमची पिशवीतून आलेली असते. एवढा फरक समजून घ्या, हात जोडतो.

पेणची_सून

हात जोडू नका, कंपनीला केटल ठेवायला सांगा. ती ठेवली असती तर मी कॉइल नेली असती का? नियम करणाऱ्यांना चहाच प्यायचा नसतो.

सह्यवारा

म्हणजे चोरून नेलेली कॉइल ही कंपनीची चूक? धन्य आहे. माझ्या बाजूच्या केबिनमध्ये असं काही दिसलं तर मी सरळ रिसेप्शनला जाऊन सांगेन.

पेणची_सून

जरूर सांगा. शेजाऱ्यांच्या चुगल्या करणारी माणसं आमच्या गावातही आहेत.

वेंगुर्ल्याचा

भांडण थांबवा. मुंबई-पणजी बोट होती तेव्हा भाऊच्या धक्क्यावर चढलो की वडील आधी चहा सांगत. डेकवर सतरंज्या टाकलेल्या, अर्धी माणसं उलट्या करताहेत, तरी पोरगा काचेच्या ग्लासांत वाफाळता चहा आणून देई. कोकण किनाऱ्यावरच्या पावसाळ्याआधीच्या लाटा काय असतात ते अलास्कावाल्यांना सांगायला नको. तेव्हा सह्यवारा, डुलत्या जहाजावर उकळता चहा देता येत नाही हे आम्हाला सांगू नका.

आणखी एक. माझे मामा बोटीवर स्टुअर्ड होते. पी अँड ओ, ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या जुन्या बोटींवर गोव्याचे स्टुअर्ड पिढ्यान्‌पिढ्या होते, आजही क्रूझवर गोव्याची, कोकणाची पोरं भेटतात. त्यांच्या खलाशी मेसमध्ये दूध घालून उकळलेला चहा असतो. नीट नाव विचारून, आदराने मागितलं तर ती मुलं जिवापाड करतात. बफेच्या गर्दीत मागू नये, जेवणाच्या हॉलमध्ये पहिल्या दिवशीच आपल्या टेबलच्या वेटरला सांगून ठेवावं.

नाशिककर_एनजे

आदराने मागितलं तर! माणशी दिवसाला पंधरा-वीस डॉलर टिप आपोआप बिलात लागते, विचारतही नाहीत. चौघांचं कुटुंब असलं की हिशोब करा. एवढे पैसे घेऊन चहासाठी पुन्हा विनवण्या करायच्या?

वेंगुर्ल्याचा

ती टिप कंपनी लावते, पोरगा लावत नाही. आठ-नऊ महिने घर सोडून राहतात ती मुलं. राग काढायचा तर कंपनीवर काढा.

नाशिककर_एनजे

ठीक आहे, पोराचा दोष नाही. पण पैसे माझे गेले ते गेलेच.

आलंगवती

वेंगुर्ल्याच्या काकांनी सांगितलं ते आम्ही चौथ्या दिवशी केलं. हॉलमधला वेटर मंगळूरचा होता. त्याने गॅलीतून (जहाजाच्या स्वयंपाकघरातून) उकळत्या पाण्याची किटली आणली, आधी किटली गरम पाण्याने विसळून. पूड आमची, दूध कॉफी बारवर वाफेच्या नळीने तापवून घेतलेलं. पाच मिनिटं झाकून ठेवला. सासूबाईंनी पूर्ण कप घेतला आणि दुसरा मागितला. गॅलीत वाफेवर चालणारी मोठमोठी भांडी असतात, हजार माणसांचं सूप उकळतं. चहाचं आधणच तेवढं अवघड?

कंपनीला पत्र लिहिते आहे. केबिनमध्ये मागितल्यास जहाजाचीच, तपासलेली केटल द्यावी. बफेत कॉफीपासून वेगळा, खरोखर उकळत्या पाण्याचा नळ असावा आणि शेजारी क्रीम नव्हे, साधं दूध. पहाटे पाचपासून. आणि भारतीय प्रवासी असतील तिथे आलं घालून उकळलेला चहा.

इंजिनरूम

तपासलेली केटल असेल तर माझी हरकत नाही. उकळत्या पाण्याच्या नळाला खाली जाळी आणि कपाला बसायला खोबण हवी, म्हणजे हेलकाव्यात सांडत नाही. हे पत्रात घाला.

सह्यवारा

उकळतं पाणी आणि साधं दूध, इथवर तुमचं म्हणणं मान्य करावं लागेल. पण आल्याचा चहा हवा तर मुंबईहून सुटणारी कॉर्डेलिया आहे, २०२१ पासून गोव्याला, लक्षद्वीपला जाते, तिथे प्रवासी आपलेच. अलास्काच्या जहाजाने आलं का किसत बसावं? शेवटचं वाक्य काढलंत तर मीही सही करतो.

आलंगवती

त्याच जहाजावर मेक्सिकन जेवणाचा वेगळा कोपरा होता, सुशीचा होता. आलं राहणार. तुमच्या सहीशिवाय पाठवते.

पेणची_सून

माझी सही घ्या. केटल आली त्या दिवशी कॉइल घरी ठेवीन, त्याआधी नाही.