विपश्चित राजाने नरकातले लोक सोडवले, मग कर्माचं काय?

वैनगंगा
सासरे गेले तेव्हा घरी रोज संध्याकाळी गरुडपुराण लावलं होतं. वैतरणी, असिपत्रवन, कुंभीपाक अशी नरकांची वर्णनं सुरू झाली की धाकटी जाऊ उठून आत जायची. एके दिवशी गुरुजींनी ती पोथी बाजूला ठेवून मार्कंडेय पुराणातली गोष्ट सांगितली. विदेहाचा राजा विपश्चित एका चुकीपायी थोडा वेळ नरकात येतो. (चूक अशी की कैकेयीच्या, रामायणातली ती नव्हे, नादात त्याने आपल्या विदर्भाच्या राणीकडे, पीवरीकडे, ऋतुकाळी म्हणजे गर्भधारणेच्या दिवसांत पाठ फिरवली. आम्ही नागपूरकर बायका इथे एकमेकींकडे बघायला लागलो.) तो निघतो तशी पापी माणसं ओरडतात, 'थांबा, तुमच्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्याने आमचा दाह शमतोय.' राजा हलत नाही. शेवटी आपलं पुण्य देऊन सगळ्यांना सोडवतो.

दीर म्हणाले, "म्हणजे यमाच्या दारीही वशिला चालतो!" सगळे हसले, मला मात्र ते टोचलं. ज्याचं त्यानेच भोगायचं, तर हे कसं बसतं?

अर्धा_वारकरी
असाच वारा महाभारतात, स्वर्गारोहण पर्वात आहे. युधिष्ठिरही भावांचे आवाज ऐकून नरकात थांबतो. पण तिथे इंद्र सांगतो की ही माया होती, द्रोणांना फसवलंस म्हणून दाखवली. भीम-अर्जुन सुटतात ते आपापल्या हिशेबाने. विपश्चिताचं धाडस मोठं.

जुनी_पोथी
वैनगंगाताई, गोष्ट कोण सांगतंय ते आधी बघा. सांगणारा सुमती, ज्याला बाप जड म्हणजे मंदबुद्धी समजतो तो मुलगा. सात जन्मांपूर्वी तो वैश्य होता, पाण्यावर आलेल्या गाई त्याने अडवल्या आणि त्यासाठी तो त्याच नरकात होता. वारा त्याच्या अंगाला लागलाय.

आता शेवट. राजा विमानातून स्वर्गात जातो, आणि सुमती म्हणतो की आम्ही यातनांतून सुटलो नि आपापल्या कर्माप्रमाणे वेगवेगळ्या योनींत गेलो. वशिला असता तर तेही विमानात बसले नसते का? दाह थांबला, खातं बंद झालं नाही. तुमच्या दिरांचा मुद्दा पुराणात इंद्रच मांडतो: हे स्वतःच्या पापाने इथे आहेत, तू पुण्याने वर चल. राजा वाद घालत नाही, माझं पुण्य किती तेवढं विचारतो. धर्मदेव सांगतो, मोजता येणार नाही इतकं, आणि या दयेने ते आणखी वाढलं.

शिवाय एकाचं दुसऱ्याला पोचतच नसेल, तर आपण दर्भ-तीळ घेऊन पाणी कुणाला सोडतो?

शंकासुर
मग माणसाला इतकं घाबरवायचं कशाला?

जुनी_पोथी
घाबरवून तिथेच थांबतात, हे खरं दुखणं. भागवतात पाचव्या स्कंधाच्या शेवटी 28 नरक येतात, आणि सहावा उघडताच परीक्षित विचारतो, यातून सुटायचं कसं? लगेच मरताना नारायणाचं नाव घेऊन सुटलेल्या अजामिळाची कथा. आपल्याकडे पहिलं वाचून पोथी बांधतात.

अर्धा_वारकरी
आणि माउलींनी ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात कीर्तनाने यमाला बेकारच केलंय: 'यमलोकींची खुंटिली । राहाटी आघवी'. पुढे यम-दम, म्हणजे संयमाचे नियमही म्हणतात, आता आवरायचं कुणाला!

वैनगंगा
पोथीकाका, आभार. वर्षश्राद्धाला मार्कंडेय पुराणच लावते, आणि वाचायला दिरांना बसवते.