मागचा स्क्रोल ग्राइंड करून लिप सील बसवायचा का? (जुन्या एमजी, ट्रायम्फ, जॅग्वार)

स्क्रोलवाला, सातारा
आपल्याकडे सातारा-सांगलीत जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या बेलहाउसिंगखाली (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं क्लचचं कवच) तेलाचा थेंब दिसला की एकच सल्ला मिळतो: क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) काढा, मागचा स्क्रोल ग्राइंड करा, क्रँकला टेकणारा रबरी लिप सील ठोका. माझा याला विरोध आहे.

एमजी टीसी, टीडी, एमजीए, तीन मेन बेअरिंगची सुरुवातीची एमजीबी, ट्रायम्फ टीआर2 ते टीआर4 या सगळ्यांत क्रँकच्या मागच्या टोकाला आट्यांसारखी खाच असते, तोच स्क्रोल. तिच्याभोवतीचं घर क्रँकला टेकतच नाही. इंजिन फिरतं तेव्हा आटे तेल परत चेंबरकडे (इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भागाकडे) ढकलतात. बंद इंजिनात स्क्रोल काहीच अडवत नाही, त्यामुळे रात्रीतून चार थेंब पडले तर तो बिघाड नव्हे. पडत असेल धार, तर कारण बहुधा दुसरीकडे असतं.

पहिला संशय बॅक कॉम्प्रेशनवर घ्या, म्हणजे पिस्टनच्या रिंगांजवळून चेंबरमध्ये निसटणाऱ्या दाबावर. डिपस्टिकच्या भोकात पारदर्शक नळी घट्ट बसवा, तिला यू आकार देऊन रंगीत पाणी भरा आणि इंजिन गरम झाल्यावर 2000 आरपीएमवर बघा. पाणी इंजिनकडे ओढलं गेलं किंवा जागेवर राहिलं तर ठीक. बाहेर ढकललं गेलं तर आधी ब्रीदरची (चेंबरमधली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीची) जाळी रॉकेलने धुवा. तरीही ढकलत असेल तर रिंगा आणि बोअर बघा. चेंबरमध्ये दाब असताना कुठलाही सील टिकत नाही.

दुसरी गोष्ट गॅपची. ट्रायम्फमध्ये अॅल्युमिनियमचे दोन अर्धे भाग आणि स्क्रोल यांच्यात सगळीकडे साधारण 3 थाऊ (0.075 मिमी) गॅप हवा. मँड्रेल (सेंटर करायचा अचूक मापाचा गोल दांडा) न लावता डोळ्यांनी सेंटर केलं की एका बाजूला घासतं, दुसरीकडून गळतं. मेन बेअरिंग झिजलं असेल तर क्रँक खाली बसतो आणि वरचा गॅप वाढतो. तिथे सील बदलून काय होणार?

यवतेश्वर_घाट
पुस्तकात बरोबर आहे राव, पण रस्ता आपला आहे. कासच्या वाटेवर यवतेश्वरच्या चढाला नाक वर करून गाडी तासभर उभी केली की तेल मागच्या मेनकडे सरकतं. स्क्रोल थांबलेला, म्हणजे दार उघडं. क्लच प्लेट तेलात भिजली की एमजीबीत इंजिन उतरवल्याशिवाय ती बदलता येत नाही.

आणि कंपनीनेच काय केलं? 1964च्या अखेरीस एमजीबीला पाच मेन बेअरिंगचं इंजिन आलं तेव्हा मागे लिप सील दिला. स्क्रोल इतका उत्तम असता तर बदलला कशाला?

कुपवाड_ग्राइंडर
दोघांचं ऐकलं. बदल करायला हरकत नाही, पण तो बिघडतो कुठे ते सांगतो.

एक, फिनिश. लिप (सीलची कड) जिथे चालते तो भाग 0.2 ते 0.8 मायक्रॉन आरएचा (सरासरी खडबडीतपणाचा) हवा आणि प्लंज ग्राइंडिंगनेच, म्हणजे चाक आडवं न सरकवता सरळ आत दाबून. चाक आडवं सरकवत ग्राइंड केलं, किंवा लेथवर एमरी पट्टी डावी-उजवी फिरवली, की बारीक तिरक्या रेषा राहतात. त्या स्वतःच स्क्रोलचं काम करतात, आणि दिशा उलटी पडली तर तेल बाहेर काढतात. सील नवा, क्रँक चकचकीत, तरी गळती: हे बहुतेक वेळा यामुळेच होतं. भिंगाखाली बघा, रेषा लगेच दिसतात.

दोन, वेग. 80 मिमी व्यासावर 5000 आरपीएमला लिपचा वेग सेकंदाला जवळजवळ 21 मीटर होतो. साधा नायट्राइल रबराचा सील 14-15च्या पुढे कडक होऊन तडकतो. जास्त उष्णता सोसणारा व्हायटॉनचाच घ्या.

तीन, चिरलेला सील असेल तर जोड वर ठेवा, तेलाच्या पातळीकडे नाही. आतली गार्टर स्प्रिंग (लिप क्रँकवर आवळून धरणारी गोल स्प्रिंग) निसटली नाही ना, बोट फिरवून बघा.

स्क्रोलवाला, सातारा
हेच म्हणतोय. इतकं नीट करून देणारे किती? स्क्रोल एकदा घासला की परत येत नाही. पुढे लिप सीलचं किट मिळालं नाही तर तो क्रँक भंगारात. यवतेश्वर, कंपनीने क्रँकच नवीन डिझाइन केला होता, जुना खरवडला नव्हता.

मिरज_एक्सके
जॅग्वारच्या 4.2 लिटर इंजिनाचा प्रश्न वेगळा, तिथे रोप सील, म्हणजे दोराचा सील आहे. जुना दोर अॅस्बेस्टॉसचा असू शकतो. काढण्याआधी ओला करा, हवा मारू नका, पिशवीत बंद करा.

नवा दोर खाचेत हातोडीच्या दांड्याने दाबत बसवा. टोकं बाहेर आली तर कापू नका, दोन्हीकडून मध्याकडे दाबून घराच्या कडेशी समपातळीत आणा. सुटे धागे सुरीने खाचेत सारा, नाहीतर दोन अर्ध्यांच्या जोडात अडकतात आणि नेमकं तिथूनच गळतं. मग ग्रॅफाइट लावून साइझिंग टूलने गोल करा. हे टूल नाही म्हणून लोक क्रँक फिरवूनच दोर 'बसेल' म्हणतात. क्रँक जाम होतो नाहीतर दोर जळतो.

यवतेश्वर_घाट
जॅग्वारवाल्यांना हातोडीचा दांडा, आम्हाला मँड्रेल. असो. तेल इंजिनचं की गिअरबॉक्सचं, हे वासावरून ओळखता येतं ना?

कुपवाड_ग्राइंडर
एमजीबीत नाही. तिच्या गिअरबॉक्समध्येही 20डब्ल्यू-50 इंजिन ऑइलच असतं, त्यामुळे वास फसवतो. इंजिन ऑइलमध्ये यूव्ही डाय टाका, 50 किलोमीटर चालवा आणि काळोखात यूव्ही टॉर्च मारा. टॅपेट कव्हर आणि रॉकर कव्हरच्या पॅकिंगचं तेलही मागे वाहत येऊन बेलहाउसिंगखालीच टपकतं, ते आधी पुसून घ्या. समोर थेंब असेल तर टायमिंग कव्हर: बोल्ट सैल ठेवून पुली सरकवा म्हणजे सील मधोमध येतो, मगच आवळा. ऑइल थ्रोअरवर (तेल उडवून सीलपासून दूर ठेवणारी चकती) एफ असेल तर ती बाजू बाहेर.

बेलहाउसिंगच्या तळाच्या भोकात स्प्लिट पिन लोंबते, ती काढून भोक बुजवणारे महाभाग आहेत. ती थरथरून भोक मोकळं ठेवते. बुजवलं की जमिनीवरचा डाग जातो, आणि तेच तेल क्लचमध्ये साठतं.

यवतेश्वर_घाट
बरं, पाण्याची नळी या रविवारी लावतो. पण पाणी जागेवर राहिलं तर क्रँक तुमच्याकडेच पाठवणार, प्लंज ग्राइंडिंगला.

कुपवाड_ग्राइंडर
पाठवा. सोबत मेन बेअरिंगचा गॅप प्लास्टिगेजने (दाबून मोजायच्या प्लास्टिकच्या धाग्याने) मोजलेला आणि क्रँकचा एंड फ्लोट (पुढे-मागे सरकण्याची मोकळीक) लिहून पाठवा. आकडे नसतील तर चाक लावणार नाही.